अडीच फूट बाय दीड

मशीनचं डोकं आत दुमडलं
की वर फळी बसते, अडीच फूट बाय दीड.
हे माझं टेबल,
संध्याकाळी सात ते साडेआठ.

विद्यापीठाने पाठवलेल्या यादीत होतं,
'विद्यार्थ्याकडे शांत खोली असावी.'
प्रचिती मोठ्याने वाचत होती, तिथे थांबली
आणि आम्ही दोघी हसलो,
कारण नेमकं तेव्हाच समोरच्या बत्तीस नंबरला
टॉवरसाठी ड्रिल सुरू झालं
आणि फळीवरचे डबे किणकिणले.
कन्नमवार नगरात शांतता
पाण्यासारखी येते, पहाटे, थोडा वेळ,
आणि तेव्हा वर्ग नसतो.

खुर्ची म्हणजे तांडेल वहिनींचं प्लास्टिकचं स्टूल.
त्यांच्याकडे पाहुणे आले की मी उभ्याने शिकते.
दिवा मशीनचाच. मान वळवली तर वहीवर पडतो,
पण त्याला सवय सुईची,
एका वेळी एकाच शब्दावर उजेड.
म्हणून मी हळू वाचते.

हेडफोनचा उजवा कान मेलाय.
बरंय. डाव्या कानात राज्यशास्त्र,
उजवा मोकळा, शिट्ट्या मोजायला
आणि 'फॉल झाला का हो?' ऐकायला.
परवा संघराज्याच्या मधोमध तिसरी शिट्टी झाली.
वहीत लिहिलंय: केंद्र, राज्य, गॅस बंद.

रेंज फक्त खिडकीत, पाण्याच्या पिंपावर.
तिथे साबुदाण्याचा डबा, डब्याला टेकून मोबाईल.
डबा भरलेला लागतो. रिकामा असला तर सरकतो,
सर उताणे पडतात
आणि आमच्या पंख्याला शिकवत राहतात.
महिनाअखेरीला मी त्यात बटणं भरते.

एकदा पेन सापडेना,
तर शिंपी-खडूने काळ्या अस्तरावर लिहिलं,
सार्वभौम.
पुसायचं राहिलं.
ते अस्तर आता कुणाच्या ब्लाउजच्या आत आहे
हे मी सांगणार नाही.

मग तोंडी परीक्षेला ढवळे सर म्हणाले,
कॅमेरा चालू ठेवायचा.
माझ्यामागे काय असतं, मी कधी बघितलंच नव्हतं.
ओल. खुंटीवर यांचे दोन शर्ट.
तारेत टोचलेली वीजबिलं, जुनी खाली, नवी वर.
प्रचितीने दोरीवर साडी टाकली,
पिकोला आलेली, रेवंडकर बाईंची, मोरपिशी.
चौकटीत मी एकदम
कुणीतरी झाले.
सर म्हणाले, 'वा, बॅकग्राउंड छान आहे तुमचं.'
मी थँक्यू म्हटलं. काय म्हणणार.

तिसऱ्या प्रश्नाला दार वाजलं.
रेवंडकर बाई, हळदीला निघालेल्या, खाली रिक्षा उभी.
उजव्या कानात त्यांची घाई,
डाव्यात राज्यपालांचे अधिकार.
प्रचितीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली,
आणि साडी माझ्या पाठीमागून
सळसळत निघून गेली.

सर जरा थांबले.
मी मागे वळले नाही.
दोन शर्ट, ओल आणि सगळी बिलं घेऊन
उत्तर पूर्ण केलं,
ड्रिल चालू होतं म्हणून
थोडं मोठ्याने.

साडेआठला फळी उचलली, मशीनचं डोकं वर काढलं.
तांडेल वहिनींचा परकर शिवायला घेतला.
घाईत वही कापडाखालीच राहिलेली.
पाय दाबला आणि सुई
तिच्या कोपऱ्यातून गेली.
तीन पानं एकमेकांना शिवली गेली,
टीप सरळ आली अगदी.

अजून उसवलेली नाहीत.
त्यातलं एक परीक्षेला हमखास येतं म्हणतात.