छोटं छप्पर

टंकयंत्र इंग्रजी होतं,
कोळशाच्या एका मयत व्यापाऱ्याचं.
त्याच्या बायकोनं, मिसेस प्यूनं, ते आम्हाला दिलं
आठवड्याला दोन शिलिंगांवर
आणि देवाविरुद्ध काही छापणार नाही, या शपथेवर.
शपथ इद्वलनं घेतली, डावा हात वर करून.
"उजवा," मिसेस प्यू म्हणाल्या.
"मी लिहितो डाव्यानं," तो म्हणाला.

अ‍ॅबरिस्टविथ, अडुसष्टचा हिवाळा.
संपादक इद्वल. खजिनदार एलुनेद,
खजिना म्हणजे बिस्किटांचा डबा.
आणि मी, हेल्वेन, छपरं घालणारी.

आमच्या वेल्शमध्ये काही स्वरांवर एक खूण असते,
दोन तिरप्या रेघा, माथ्याशी जुळलेल्या.
तिला छोटं छप्परच म्हणतात.
कोळशाच्या बिलांना ती कधी लागली नव्हती,
म्हणून यंत्रावर नव्हतीच.
ती नसली की समुद्राचं उरतं नुसतं 'इतका',
गाण्याचं होतं शंभर,
आग विझून 'पर्यंत' होते.
आणि घर,
आमच्याकडे घर लिहितानासुद्धा छप्पर घालावं लागतं.

बुचात खोचलेली ग्रामोफोनची सुई.
खिडकीच्या काचेवर धरलेलं मेणाचं स्टेन्सिल,
पलीकडे राखाडी पाणी, सीगलांची भांडणं,
आणि मी एकेका अक्षरावर दोन रेघा टेकवत.
जास्त दाबलं तर स्टेन्सिल फाटायचं,
कमी दाबलं तर नुसताच ओरखडा.
पहिल्या अंकात चारशे अकरा. मोजली होती मी.
शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं होती,
कागद देणाऱ्या दुकानदाराचंसुद्धा.

छपाई चॅपलच्या मागच्या खोलीत, गुरुवारी,
भजनांच्या पत्रकांच्या आधी.
हँडल एलुनेद फिरवायची, दंड तिचे गवळ्याच्या मुलीचे.
एकदा यंत्र नीट पुसलं गेलं नाही,
आणि रविवारी भक्तांच्या हाती आलं स्तोत्र,
ज्याच्या पाठीवर फिकट, उलटं,
वसतिगृहाच्या जेवणावरचं आमचं अग्रलेख.
पाळक काही बोलले नाहीत.
पुढच्या आठवड्यात त्यांनी एक प्रत विकत घेतली.

तिसऱ्या अंकात इद्वलची कविता होती.
बाप पाटीच्या दगडाच्या खाणीत, आई दाराशी,
आणि संध्याकाळी बाप वळणावर दिसला की
तिच्या ओठांवर हसू.
पावणेदहा झाले होते. दहाला वसतिगृहाचं दार बंद,
आणि त्याआधी किनाऱ्याच्या टोकाच्या कठड्याला
लाथ मारून यायची, तशी रीतच.
मी घाईत होते.

हसण्यावरचं छप्पर राहिलं.
छपराशिवाय तो शब्द होतो 'पांढरी'.
आईच्या ओठांवर, पांढरी.

मग काय!
पांढरी म्हणजे दगडाची धूळ, लोक म्हणाले,
नवऱ्याचा मुका घेताना लागलेली.
प्राध्यापकांनी वर्गात ओळ दोनदा वाचली.
बँगोरहून पत्रं आली. अंक संपला, पुन्हा छापला.
मी इद्वलकडे गेले, सुई हातात घेऊन.
तो म्हणाला, "राहू दे."
एवढंच. आणि त्या वर्षी माझ्याशी
पूर्वीपेक्षा जरा जास्तच नीट वागला.

त्याच्या पुस्तकात पांढरी आहे.
त्याच्या शोकसभेत पांढरी वाचली गेली.
मी तिसऱ्या रांगेत होते, टाळ्यांच्या जागी मान हलवत.

परवा कॉलेजच्या ग्रंथालयात गेले.
आमचे सातही अंक हिरव्या कापडात बांधलेले,
पिना गंजून पानांना तपकिरी डाग.
तिसरा अंक, पान नऊ.
त्या शब्दावर कुणीतरी पेन्सिलीनं
छप्पर घातलंय.
बारीक, घाबरत घातल्यासारखं.

माझी छपरं उजवीकडे कलायची.
हे डावीकडे कललंय.

काउंटरवरच्या मुलानं विचारलं, काही हवंय का?
खोडरबर, म्हटलं मी.
त्यानं ड्रॉवर उघडला.
मग म्हटलं, नको.