नग

मला त्या देशाचं नाव सांगायची मुभा नाही,
करारात तसं कलम आहे.
एवढं सांगते, जगाच्या नकाशावर
तो माझ्या करंगळीच्या नखाखाली मावतो
आणि त्याची गुरं
खराडीतल्या सहाव्या मजल्यावरून जातात,
माझ्या पडद्यावरून, रात्री साडेनऊनंतर.

आयात. निर्यात. महिना. नग.
जिवंत वजन, टनात.
दर नगी किंमत, युरोत.
'जिवंत' हा शब्द फक्त रकान्याच्या डोक्यावर असतो,
खाली त्याचं काही हलताना दिसत नाही.

त्यांची वासरं जातात स्वस्तात,
बाहेरून येतात ती महाग.
का, ते अहवालाच्या चौथ्या पानावर लिहायचं :
मागणी, चारा, वाहतूक, शेजारच्या देशातली साथ.
मी लिहिते.
चार वर्षं झाली,
एकाही गाईचा रंग मला माहीत नाही.

अब्बांना रंगच आधी लागायचा.
कोसा. तांबडा. मोरा. कपाळावर चांद.
मग दात : आदत, दुसा, चौसा, जुळलेला.
मग पाठीवरून हात फिरवत गोम शोधायची,
चाकणच्या बाजारात, शनिवारी, सातच्या आत,
कारण ऊन चढलं की, म्हणायचे,
जनावर आणि गिऱ्हाईक दोघंही खोटं बोलायला लागतात.

भाव तोंडानं सांगायचा नसे.
उपरण्याखाली हात जायचे,
एकाची बोटं दुसऱ्याच्या मुठीत,
आणि वर चेहरे असे
जणू कुणाच्या तरी सोयरिकीची चौकशी चाललीय.
इमाम मुलाणींच्या मधल्या बोटाचं एक पेर
म्हणजे नेमके किती,
ते त्यांच्या घरात कुणालाच कळलं नाही.
मला तर नाहीच.
मुलींना उपरण्याखाली घेत नसत.

परवा एका ओळीत अडकले.
फेब्रुवारी. आयात. नग : एक.
किंमत अशी, की आलेख त्या महिन्यात
कळकासारखा उभा राहिला
आणि उरलेले अकरा महिने गवत झाले.
ऋत्विज सर खुर्ची सरकवत आले.
'आउटलायर आहे, उडव.
एखादं शून्य जास्त पडलं असेल.'

मी शून्यं मोजली. पुन्हा मोजली.
पहाटेचे चार वाजले होते, शनिवार होता,
म्हणजे अब्बा जागे.
बाजाराला जाणं सुटलं, उठणं सुटलं नाही.
जिन्यात जाऊन फोन लावला.

'एकच?' म्हणाले. 'दात किती?'
दातांचा रकाना नाही, अब्बा.
'रंग?'
नाही.
'खांदा? चाल? कुणाच्या दावणीचा?'
नाही. नाही. नाही.
'मग तुम्ही भाव कशाचा लिहिता गं?'

बराच वेळ नुसता श्वास.
मग, हळू, कुणी ऐकत असल्यासारखं :
'शून्य जास्त नाही पडलेलं.
कुणाच्या तरी मनात भरलाय तो.
हजारात एखाद्याला असा भाव येतो,
तेव्हा बोटं कमी पडतात,
दलाल दोनदा दाबतो, समोरचा हात काढत नाही.
ती ओळ खोडू नको.'

खोडली.
नोकरी आहे.
पण आलेखाखाली, सर्वात बारीक अक्षरात,
जिथं क्लायंटची नजर जात नाही,
एक तळटीप ठेवली :
फेब्रुवारीत एक नग. किंमत तपासलेली आहे, बरोबर आहे.
कुणी तपासली, ते लिहिलं नाही.

कॅब मुंढव्याच्या पुलावर आली
तेव्हा दिवस कासराभर वर आला होता.
कासरा किती लांब, हे
पुढच्या सीटवर झोपलेल्या मुलाला सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं.

ओढणीखाली माझा डावा हात
उजव्या हाताचं मधलं बोट धरून बसला होता,
पहिलं पेर, दुसरं पेर,
दुसऱ्यावर जरा थांबून.

हडपसर आलं तरी
सौदा तुटला नव्हता.