सातवी फुली

दिवसाकाठी होते
पलंगावरच्या चादरीएवढी जमीन.
पोटावर पडून सळई तिरकी धरायची,
बोटभर खुपसायची, थांबायचं,
पुन्हा बोटभर.
आज निघाला घोड्याचा नाल,
सार्डिनचा गंजका डबा
आणि कुणाच्या तरी चमच्याची नुसती दांडी.

लाल पट्टीच्या अलीकडे
झुम्रा बसते, उलट्या बादलीवर.
पट्टीपलीकडे तिचा अक्रोड.
एकोणतीस पानगळी तो एकटाच पिकला,
एकटाच गळला.
ती आवाज मोजते.
"काल रात्री वारा होता," म्हणते,
"दोनशेच्या वर पडले."

मी विशीत होतो.
हाच उतार, मार्चचा चिखल,
पाठीवर लाकडी पेटी, नाक वाहतंय.
बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढे ते सुरुंग,
हातात घेतले तर वजनही नाही.
एकेक ठेवायचा, माती सारखी करायची,
वरून थोपटायची,
तान्ह्या पोराला थोपटावं तशी.
पेरणं म्हणतात त्याला.
कुणाला सुचला असेल हा शब्द?

सात पेरले. नकाशावर सात फुल्या, माझ्याच हातच्या.
तोच कागद आज प्लास्टिकच्या पिशवीत,
माझ्याच खिशात.
सहा सापडले.

खारी मात्र कधीच थांबल्या नाहीत.
त्यांना पट्टी कळत नाही, वजन तर नाहीच.
अक्रोड नेतात, पुरतात, विसरतात.
त्यांच्या विसरण्याची गुडघाभर रोपं
उतारावर जागोजागी उभी आहेत.
आम्हीही पुरलं, आम्हीही विसरलो.

झुम्राने एकदाच विचारलं, "कुठल्या गावचा तू?"
मी नदीपलीकडचं नाव सांगितलं.
तिने कॉफीचं भांडं आचेवर
हवं त्याहून जास्त वेळ धरलं.
फेस उतू गेला, निखाऱ्यावर चरचरला.
मग म्हणाली, "साखर? एक की दोन?"

आज दुपारी मी बुंध्याच्या डाव्या बाजूला वळलो.
मागून तिचा आवाज आला, अगदी साधा,
दुकान बंद आहे असं सांगावं तसा:
"तिथे नको शोधूस.
तो रेफिकला सापडला.
तह झाला त्याच वर्षी. पिशवी घेऊन गेला होता.
म्हणाला, आई, आता काय भीती."

सळई मातीत होती. तशीच राहिली.
किती वेळ, ते माहीत नाही.
एक अक्रोड माझ्या हेल्मेटवर पडला
आणि घरंगळत खाली गेला.

"नियम आहे," मी शेवटी म्हणालो,
"सगळीच जमीन तपासावी लागते."
"तपास की," ती म्हणाली.
"मी कुठे जातेय."

बोटभर. थांबायचं. पुन्हा बोटभर.
सळईला लागलं ते मऊ होतं, मूळ होतं,
मी वळसा घेतला.
उजेड गेला तेव्हा उठून
पट्टी हातभर पुढे सरकवली.
मागे गवतातून
बादली ओढल्याचा आवाज आला,
तोही हातभरच.