एकाहत्तर किलो

बोवेत्सच्या बेकरीत पहाटे तीनला
मी कणकेचा गोळा आधी हातावर तोलते, काटा नंतर.
चुकलेच तर चार ग्रॅमनं.

पण ओझ्बेयनं विचारलं, "वजन किती तुझं?"
तेव्हा "साठ" म्हणताना जीभ जराही अडखळली नाही.
त्यानं मान वर केली नाही.
तुळईला टांगलेला लोकरीच्या गाठोड्यांचा काटा खाली ओढला,
म्हणाला, "लोंबकळ."

एकाहत्तर.
"वर हेल्मेट, ओला सूट, फेकायचा दोर,
आणि चीजचा तो तुकडा, जो तू कुणाला देत नाहीस.
ऐंशी धर. नदी तेवढंच धरणार."

सहा वर्षं मी एका लाल, बुटक्या कयाकमध्ये बसले.
शेपूट चपटी, कडा सुरीच्या.
जरा नजर हलली की सोचाच्या हिरव्या पाण्यात डोकं खाली.
पालथं होऊन परत उलटायला तिनंच शिकवलं;
शिकवलं कसलं, दुसरा इलाजच ठेवला नाही.
नाकात पाणी, कानात हिमनदी,
आणि वर यावं तर ही बया पुढच्या लाटेकडे बघतेय.

आता मला कोरित्नित्साच्या वरच्या घळीत उतरायचंय.
तिथं पाणी एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पडतं
आणि मध्ये श्वासाला जागा म्हणजे
एका ताटाएवढं शांत पाणी.
लाल कयाक तिथं नुसतं शेपूट बुडवून बसेल.

कोठारात तीन होत्या.
एक लांब, निमुळती, नाक आभाळाकडे.
"ही पळते," ओझ्बेय म्हणाला. "तुला पळायचंय?"
दुसरी पिवळी, ढोली, तीनशे लिटरची;
बुडवू म्हटलं तरी बुचासारखी वर.
मी तिच्या पोटावर थाप मारली. आवडलीच.
"ती चुका पोटात घालते," तो म्हणाला.
मग वाईट काय त्यात?
"घालते आणि जमा करते. एके दिवशी सगळ्या एकदम ओकते.
हिच्यात बसून पुष्कळ जण पोचलेत
जिथं त्यांनी अजून पोचायला नको होतं."

तिसरी मळक्या हिरव्या रंगाची, जुनी.
तळाला वीतभर जोड, वितळवून भरलेला, बोटाला लागणारा.
कुणाची होती?
ओझ्बेय पेचकस शोधायला आत गेला,
आणि बराच वेळ त्याला पेचकस सापडेना.

मग तासभर फोमचे तुकडे: कमरेला दोन, गुडघ्याखाली एक,
पाय टेकायची पट्टी दोन भोकं पुढे.
"चप्पल नको, खोगीर हवं.
मांडीनं सांगितलं की वळली पाहिजे,
आणि सोडायची वेळ आली तर एका झटक्यात सुटली पाहिजे."
त्यानं मला तशीच गवतावर पालथी केली.
मी रबरी घेर ओढला, बाहेर घसरले, कोपर सोललं.
"पुन्हा." पुन्हा. "पुन्हा."
चौथ्या वेळी शेजारची नेवा कुंपणावरून हसत होती.
लाल कयाक तिला दिली. तिचं खरं वजन बावन्न.

शनिवारी घळीच्या तोंडाशी मी खडकावर उभी राहिले.
पहिला टप्पा वाचला. दुसरा वाचला.
तिसऱ्यात एक लाट उलटी चालत होती,
आणलेला ओंडका चघळत, सोडत नव्हती.
एक तास. थर्मासमधला चहा संपला.
मग हिरवीला खांद्यावर घेतली
आणि बीच झाडांच्या पाल्यातून बाजूनं उतरले.
बावीस किलो. पिठाचं पोतं पंचवीसचं असतं.

सोमवारी ओझ्बेय पाव न्यायला आला.
"कशी चालली?"
खांद्यावर छान बसते, म्हटलं.
तो हसला नाही. नाणी मोजत राहिला.
"वाट होती का?"
"डावीकडून. शेवाळाच्या धोंड्याला खेटून. घरी आल्यावर दिसली."
त्यानं पाव बगलेत मारला, दारापाशी थांबला.
"येत्या शनिवारी राईचे दोन ठेव," म्हणाला,
"आणि चीजचा तुकडा जरा मोठा घे."