कप पुरेसा होता

आधी स्पष्टच सांगते,
या महिन्यात पाच आणल्या, अडीच फुकट गेल्या.

पहिलीच्या मुखपृष्ठावर डोळा होता.
डोळा दिसला की मी सावध होते.
आत विहीर, विहिरीत बाई.
बाया विहिरीतच का राहतात,
महापालिकेचं पाणी चालत नाही का त्यांना?
आणि शेवटच्या प्रकरणात मानसोपचारतज्ज्ञ.
तो आला की भूत मेलंच समजा.
चारशे दहा पानं जीव मुठीत धरून बसले
ते काय एका गोळीचं नाव ऐकायला?

दुसरी बरी चालली होती.
एक म्हातारा रोज रात्री दोन कप चहा करतो.
सकाळी दोन्ही रिकामे.
एवढंच. एवढ्यावर मी दोन दिवस काढले,
स्वतःचा कप विसळताना हात जरा थांबला.
मग लेखकाला राहवलं नाही.
त्याने समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसवलं,
त्याला दात दिले, दातांना रक्त दिलं,
रक्ताला दीड पान दिलं.
अहो, कप पुरेसा होता.

तिसरीत अमावास्या सलग तीन शनिवारी येते.
पुढे बोलत नाही.

पण एक सगळ्यांनाच सांगायचंय:
स्मशान लिहिण्याआधी एकदा नव्या पेठेत या.
माझ्या स्वयंपाकघरातून वैकुंठाची चिमणी दिसते.
तिथे घुबड नाही, चपला काढून उभी माणसं आहेत,
विद्युतदाहिनीचा नंबर, पावतीवर चुकलेलं आडनाव,
आणि फाटकापाशी कुणीतरी फोनवर, हळू आवाजात,
'तुम्ही जेवून घ्या, इथे वेळ लागेल.'
अठरा वर्षं राहते. एकदाही काही दिसलं नाही.
वास मात्र येतो, वारा आमच्या बाजूला वळला की.
तेव्हा मी फोडणी देत असते
आणि मला भूक लागलेली असते.
हे लिहा ना कुणीतरी.

चौथी, 'मागच्या दाराची उंची'.
बाइंडिंग सुटलेलं. ढमढेरेंची सून म्हणाली,
'हिला कुणी हात लावत नाही, न्या तुम्ही.'
घर साधंच, माणसं साधीच, फक्त मागचं दार
रोज बोटभर बुटकं होतं.
आधी सासरे वाकतात. मग सून.
मग एके दिवशी धाकटी, सहा वर्षांची, वाकते
आणि कुणी काही म्हणत नाही.
मी पुस्तक उपडं ठेवलं,
उठून बाल्कनीच्या दाराखाली ताठ उभी राहिले,
डोक्यावर हात ठेवून अंतर पाहिलं.
लाज वाटली. पाहिलं तरी.

हिच्यात माझ्याआधी कुणीतरी बोलून गेलं होतं,
समासात, शिसपेन्सिलीने, बारीक तिरक्या अक्षरात.
पान बारा: 'उगाच.'
पान चाळीस: 'हे पटलं.'
पान अठ्ठावन्न: 'कुमुद, हे तू वाचायला हवं होतंस.'
माझं नाव कुमुद नाही, तरी सावरून बसले.
चौसष्टला एका शब्दाखाली अर्धी रेघ.
मग काहीच नाही.
शेवटपर्यंत कोरा समास.

आणि एकोणऐंशीव्या पानावर तर अशी जागा आहे
की हा गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

लायब्ररीत विचारलं. सुनेने रजिस्टर उघडलं.
सभासद सहाशे चौदा. अनामत अजून जमा.
'पुस्तक घरच्यांनी आणून दिलं,' ती म्हणाली,
'मी दंड घेतला नाही.'

पाचवी तशीच पडली आहे, तिच्यावरही डोळा आहे.
काल रात्री पुन्हा चौथीच काढली.
पेन्सिलीला टोक केलं,
एकोणऐंशीवर लिहिलं, 'इथे बघा.'
आणि खाली
दोन ओळींची जागा सोडली.