काळं बी, पांढरं बी

सोला दे वेगाच्या वर, चुनखडीच्या उतारावर
तिबुर्सियाने आठ झाडांवर कोयता चालवला
आणि नवव्यापाशी थांबली.
"हे राहू दे," म्हणाली. एवढंच.
खाली ट्रकपाशी तिचा मुलगा सेनाइदो
हिशेब मांडत होता गड्ड्यांचा, किलोंचा,
वहाका शहरातून येणाऱ्या त्या माणसाचा
जो बाटलीवर झाडाचं नाव सोनेरी अक्षरात छापतो.

याच्या भावंडांना आपण घायपात म्हणतो,
बांधावर लावतो, दोर वळतो,
आणि विसरतो की हेही फुलणारं झाड आहे.
मीही विसरले होते,
वीस वर्षं वर्गात फूलच शिकवून.

बुटकं, कोबीसारखं गच्च.
प्रत्येक पानाच्या पाठीवर शेजारच्या पानाच्या काट्यांची नक्षी,
आत मिटलेली असताना उमटलेली;
झोपेतून उठल्यावर गालावर उशीची सुरकुती असते तशी,
फक्त ही जन्मभर जात नाही.
बारा वर्षं ते नुसती साखर साठवतं.
मग एका साली मधोमध दांडा सुटतो
शतावरीच्या कोंबासारखा
(नातंच आहे, कूळ एकच)
आणि इथे कोयत्याची वेळ येते.
दांडा छाटला की साखर वर चढत नाही,
गड्ड्यात बसून राहते.
पुढे खड्डा, तापले दगड, मातीचं पांघरूण,
पिंपातला आंबूस फेस, तांब्याची नळी,
थेंब.
माणसं हसून म्हणतात, खच्ची केलं.
तिबुर्सिया हसत नाही.

दुसऱ्या जाती बुडाशी पिल्लं टाकतात, केळीसारखी.
टोबालाला ते जमत नाही.
त्याचं सगळं बियाण्यावर,
म्हणजे फुलावर, म्हणजे रात्रीवर,
म्हणजे एका वटवाघळावर, जे आलं तर आलं.

नववं फुललं तेव्हा मी शिडीवर होते,
टॉर्चला लाल कागद गुंडाळून.
पाकळ्या सहा, जाड, मेणचट,
सहा पुंकेसर बाहेर झुलणारे,
अंडाशय खाली, तीन कप्प्यांचं.
पहिल्या रात्री फूल नर: परागकोष उकललेले,
कुक्षी अजून आखूड, मुकाट.
दोन-तीन रात्रींत पराग वाळला
आणि तीच कुक्षी लांबून, ओली होऊन वर आली.
हे मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल.
फळ्यावर त्याला वास नव्हता,
उतरलेल्या खरबुजाचा, जरा कुबट.

वटवाघूळ आलं म्हणजे काय,
हवेचा एक फटका कपाळाला,
दांडा हलला,
आणि माझ्या बाहीवर पिवळी पूड.
"बघ" म्हणेपर्यंत संपलं होतं.

सेनाइदोने एकदाच विचारलं,
"त्या एका झाडाचे किती पैसे सोडले आपण?"
तिने आकडा सांगितला. पाठ होता तिला.

झाड मेलं. मरणारच होतं, एकदाच फुलतं ते.
वाळलेल्या दांड्यावरून बोंडं उतरवून
आम्ही जेवणाच्या टेबलावर फोडली.
आत बिया नाण्यांसारख्या एकावर एक रचलेल्या,
कागदासारख्या पातळ:
काळी ती जिवंत,
पांढरी ती, ज्यांच्यापर्यंत पराग पोचलाच नाही.
पांढरी पुष्कळ होती.
सेनाइदो उठून जाईल असं वाटलं,
पण त्याची बोटं मोजायला सरावलेली,
तोही बसला, काळी इकडे, पांढरी तिकडे.

"ही लावली तर कधी कापायला येतील?"
"बारा वर्षं. पंधरा."
त्याने स्वतःचं वय मोजलं, मोठ्याने.
तिने तिचं मोजलं नाही.
तेवढ्यात कुणाचा तरी कोपर लागला,
एक काळं बी टेबलाखाली उडालं
आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर,
मातीच्या जमिनीवर तळहात फिरवत,
कोणी दिवा खाली धरा, म्हणत.