पत्ता: खडेबाजार

फॉर्मवर पत्ता लिहिला: खडेबाजार, बेळगाव.
डॉक्टर पट्टणशेट्टी हसल्या, "आधीच सांगून आलात की!"
मीही हसले, आणि उजव्या बरगडीखाली
कुणीतरी पक्कड फिरवली.

एकोणतीस वर्षं कुंदा आटवते मी.
हात थांबला की तळ धरतो,
हे मला शिकवायला नको.
तरी त्या कागदावर पेरूएवढी पिशवी काढून सांगत राहिल्या:
यकृत पित्त तयार करतं, पिशवी ते आटवून ठेवते,
जेवलं की पिळून आतड्यात सोडते.
पित्तात चरबी वाढली, विरघळवणारं कमी पडलं,
त्यात पिशवी आळसावली,
की आधी नुसता गाळ,
मग कण, कणाला कण.
म्हणजे माझ्या आत आणखी एक कढई होती
आणि तिला उलथनं नव्हतं.

संकष्टी, सोमवार, वर नवरात्राचे नऊ.
पिशवी भरलेली, पिळायला कारणच नाही.
देवीला हे अजून सांगितलेलं नाही.

शेजारच्या कॉटवर बैलहोंगलचा बसू, वय चौदा.
अंगावर मांस नाही, डोळे हळदीचे.
त्याच्या रक्तातल्या पेशी लवकर फुटतात म्हणे,
फुटलेल्याचा रंग पित्तात उतरतो.
त्याचे खडे काळे, मोहरीएवढे.
आईनं मूठ उघडून दाखवले, परत मिटली.
"कल्लु," ती म्हणाली.
"खडे," मी म्हटलं.
दोघींचाही हात पोटावर गेला.

खानापूरच्या मार्थाबाईंची पिशवी काढून सहा वर्षं झाली,
तरी नळीत पुन्हा. तपकिरी, मऊ,
कच्च्या कौलासारखे बोटानं चुरणारे.
नळी तुंबली, जंतू शिरले, पित्त बिघडलं.
"दूध नासतं तसं?"
"अगदी तसं नाही," डॉक्टर म्हणाल्या.
पण मला कळलं.

माझे सात. बाटलीतून हातात दिले.
फिकट पिवळे, मेणचट,
कडा एकमेकांना घासून सपाट झालेल्या;
इतकी वर्षं एका पिशवीत राहायचं
तर कोपरे मोडावेच लागतात.
एक मधोमध फुटलेला:
आत किरणांसारख्या रेघा, मध्ये गडद ठिपका.
कुठला दिवस असेल तो?
कुठला उपास?

बाटली गल्ल्याशेजारी ठेवली.
परवा एक गिऱ्हाईक वाकून म्हणालं,
"ही नवीन का? कशी पाव?"
मी काही बोलणार, तेवढ्यात
आतून करपल्याचा वास आला.
कढईजवळ कुणीच नव्हतं.
टाके सांभाळत धावले.